जहर आत ओढून घेणारी गाठ

आष्टीच्या बेबीनंदानं एकदम सांगून टाकलं, आता जालन्याला सुई घ्यायला जायचं न्हाई.

छातीतल्या कॅन्सरच्या गाठीवरच्या आधीच्या औषधानं तिची वेणी गेल्ती, तोंडात फोड आल्ते. ते औषध तिला पटलं. मंग ऑपरेशन झालं, तरी थोडा रोग उरला म्हणून नवी सुई सुरू झाली. तर काय, डोक्यावर केस उगवले अन् भाकर गोड लागाय लागली! ज्या सुईनं दंड सुजत न्हाई तिला आमच्याकडं कुणी सुई म्हणत न्हाई.

शेजारची उषाबाई बोललीच, "पाणी टोचून राह्यले तुला, बाई. त्याच्यापेक्षा कापूस वेचाय चल."

बेबीनंदानं तेच घरी सांगितलं तर नवरा कडूबा वैतागला. "मला काय सांगती? दवाखान्यातल्यांच्या तोंडावर विचार की!"

"विचारतेच. भेते का काय!"

जालन्याच्या दवाखान्यात सुई देणाऱ्या वंदना सिस्टर शहागडच्या. बेबीनंदानं पिशवी टेकवायच्या आधीच विचारलं, "हे पाणी हाय का?"

"न्हाई मावशी, जहर हाय. गाठीतल्या पेशींच्या अंगावर एका प्रथिनाच्या खुंट्या लय उगवल्यात. सुईतलं प्रतिपिंड हुडकून त्याच खुंटीला चिकटतं. चिकटलं की पेशी खुंटीसकट त्याला आत ओढती. त्याला बांधलेलं जहर आत गेल्यावर सुटतं. चांगल्या पेशींवर खुंट्या कमी, म्हणून तुमचे केस परत उगवले."

जन्मभर बेबीनंदानं लोकांच्या रानात उंदरांचं औषध टाकलं होतं. उंदीर मोठा संशयी. आधी साध्या कणकेची चटक लावायची, मंग जहराचा गोळा बिळाच्या तोंडाशी. बीळ उकरावं लागत न्हाई, तोच आत नेतो.

"अन् जी पेशी ओढीतच न्हाई, तिचं काय?"

"असत्यात तशा बी. खात्री कुणीच देत न्हाई, मावशी. आपण सुई चुकवायची न्हाई, एवढंच हातात हाय."

सोबत आलेल्या कडूबाचा चेहरा पडला. "म्हंजे खात्री न्हाईच?"

"अवो, कपाशीची तरी कुठं असती? पेरायचं सोडलं का तुम्ही?" बेबीनंदा खाटंवर चढली अन् बाही वर सारली. "घ्या सिस्टर, शीर बघा. अन् पुढची तारीख ह्यांला नका सांगू, मला सांगा."