मॉनिटरवरचं लिंबू

हळदीच्या गाण्याची दुसरी ओळ म्हणत होते, तेवढ्यात हेडफोनमध्ये माझाच आवाज फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायला लागला. मी थांबले आणि त्या मशीनला आईवरून शिवी दिली. तीही रेकॉर्ड झाली. तुकड्या-तुकड्यांत, पण समजण्याइतकी.

पुण्याहून एक स्टुडिओवाले पाहुणे आले होते, त्यांनी आपले हेडफोन काढून मांडीवर ठेवले. माझा मुलगा, सून आणि मुलाचा दौंडचा मित्र, तिघांची तोंडं पडली. शिक्रापुरात भाड्याच्या खोलीत वर्षभर बसून त्यांनी गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. सुनेनं त्यापायी कुरकुंभची नोकरी सोडली होती. आधीच्या दोन स्टुडिओंनी नको म्हटलं होतं. यांनीही नको म्हटलं, तर खोली बंद करायची आणि सुनेनं पुन्हा कुरकुंभची गाडी धरायची, असं ठरलं होतं.

माझं काम गायचं. चौथी शिकलेली बाई तिथं कशाला, तर माझा आवाज मोठा आणि मी खोटं कौतुक करत नाही. मी माइकात गायचं, कॉम्प्युटरनं आवाजाला देवळातल्यासारखा घुमारा द्यायचा आणि त्याच क्षणी तो माझ्या कानात आणून घालायचा. जरा उशीर झाला की माझा ताल जातो. मुलानं समजावलं होतं, की कॉम्प्युटर आवाज मुठीमुठीनं उचलतो. मूठ मोठी असली तर आवाज उशिरा येतो. लहान असली तर त्याला भराभर उरकावं लागतं, आणि उरकलं नाही की तडतड.

आता खरं ते सांगते. तक्रार केली की या तिघांपैकी कोणीही मला लगेच चहा करून द्यायचा आणि समोर बसून ऐकायचा. आदल्या दिवशी मला तीन चहा हवे होते. मुलाला गाठून म्हणाले, आवाज उशिरा येतो. सुनेला म्हणाले, घुमारा पत्र्याच्या शेडसारखा वाटतो. मित्राकडं पडद्याचं काम होतं, त्याला म्हणाले, काही नाचताना दिसत नाही, मजा येत नाही. तिन्ही चहा चांगले झाले होते.

पाहुण्यांसमोर सुनेनं विचारलं, सकाळपासून कोणी काही बदललं का. मुलगा नाही म्हणाला. मित्र नाही म्हणाला. तीही मान हलवून नाहीच म्हणाली. तिघं एकमेकांकडं न बघता पडद्याकडं बघत होते. हे तोंड मी घरात पाहिलेलं होतं.

"तिघांनीबी मीठ घातलंय," मी म्हणाले. "आन् घाला म्हणून मीच सांगितलंय."

"मीठ कशात, आजी?" पाहुणे म्हणाले.

मग मी सांगितलं. आम्ही तिघी जावा. एका जावळाच्या जेवणाला आमटीत तिघींनी येता-जाता मीठ घातलं, विचारल्यावर तिघीही नाही म्हणाल्या, आणि आमटीला म्हशीनंही तोंड लावलं नाही. तेव्हापासून सासूनं नियम केला. मीठ घातलं की पातेल्याच्या झाकणावर लिंबू ठेवायचं. लिंबू दिसलं की बाकीच्यांनी हात मागं घ्यायचा.

खोलीतल्या टोपलीत लिंबू होतं. मी ते मॉनिटरवर ठेवलं. तेव्हाच्या मॉनिटरला वर ठेवायला ऐसपैस जागा असायची. म्हणाले, एका वेळी एकानंच हात लावायचा, आणि काय करतोय ते मोठ्यानं बोलायचं.

मित्रानं सकाळी पडद्यावर घातलेल्या, आवाजाबरोबर नाचणाऱ्या पट्ट्या बंद केल्या. मी एक ओळ गायले, तडतड कमी झाली. सुनेनं सकाळी लांबवलेला घुमारा परत आखूड केला. पुन्हा गायले, तडतड गेली. मुलानं सकाळी मूठ लहान केली होती. त्याची पाळी आली तेव्हा सून म्हणाली, "तुम्ही नका हात लावू. मूठ लहानच बरी हाय."

सगळं गाणं म्हटलं. आवाज तोंडातून निघाला आणि तसाच कानात बसला. घुमारा मात्र अजून पत्र्याच्या शेडचाच होता. तेही मी तिथंच सांगितलं.

पाहुणे म्हणाले, महिनाभर स्टुडिओत वापरून बघतो. महिन्यानं त्यांनी ते ठेवूनच घेतलं. शिवी पुसू नका, एवढी एकच अट घातली.

सुनेला कुरकुंभला जावं लागलं नाही. लिंबू वाळलं की मी नवं ठेवायचे. येणाऱ्याला वाटायचं, नजर लागू नये म्हणून आहे. एकानं विचारलं, मिरच्या कुठं आहेत. मी म्हटलं, खाल्ल्या.

त्या दिवशी खोलीत आम्ही पाच जण होतो. पाहुणे पुढं वारले. बाकीची आम्ही चौघं अजून आहोत.