लेमन स्क्वॉशवाले शिरीषकाका

शनिवारी सकाळी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि दार वाजलं. नुपूर वरूनच ओरडली, "आई, समवन्स ॲट द डोअर!" म्हणजे तू उघड.

दारात शेजारचे शिरीषकाका. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. काकांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. सुहासिनीकाकू गेल्यापासून टूनगॅबी उपनगरातल्या त्या घरात एकटेच असतात.

"या काका, पोहे होतायत."

"खातो. पण आधी ऐक. ब्रिकमेकर्स उद्या बंद होतोय. कायमचा."

ब्रिकमेकर्स म्हणजे स्टेशनपलीकडचा कोपऱ्यावरचा जुना पब. कधीकाळी वीटभट्टीच्या कामगारांसाठी बांधलेला, बाहेरून हिरव्या टाइल्सचा. आता तिथे फ्लॅट्स होणार. इतकी वर्षं मी भाजीच्या पिशव्या घेऊन त्याच्यासमोरून जाते, पण आत कधी डोकावले नाही.

काका पुण्याहून या परक्या देशात, इथल्या रेल्वे वर्कशॉपात इंजिनियर म्हणून आले, तेव्हा साधी कोथिंबीर शोधत फिरावं लागे. पहिल्याच शुक्रवारी कामावरच्या मंडळींनी त्यांना ब्रिकमेकर्समध्ये नेलं. काका दारूला शिवत नाहीत. त्यांनी लेमन स्क्वॉश मागितलं. सगळे हसले, पण ग्लास आला. मग दुसरा आला, तिसरा आला, दर वेळी वेगळा माणूस घेऊन येई. तिथली रीतच तशी. टेबलावरच्या प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी पेयांची एक फेरी आणायची. त्याला 'शाऊट' म्हणतात. काकांना वाटलं, आपलं स्वागत चाललंय. म्हणून पुढच्या शुक्रवारी त्यांनी आपल्या पद्धतीने परतफेड केली. गुपचूप काउंटरवर जाऊन सगळ्यांच्या सगळ्या फेऱ्यांचे पैसे आधीच भरून टाकले!

"वाटलं, खूश होतील," काका म्हणाले. "तर नॉर्म नावाचा फिटर लालबुंद. म्हणे, मेट, आम्ही काय भिकारी आहोत? माझी शाऊट तू का घेतलीस?"

"अरे देवा! मग?"

"मग काय! आपण हॉटेलात बिलावरून कशी झटापट करतो, ते करूनच दाखवलं त्याला. इतका हसला, की ठसका लागला. त्यानंतर मी भलत्या वेळी उठलो की अख्खं टेबल ओरडायचं, 'शिरीष, सिट डाऊन!'"

त्याच टेबलावर काकांना भाड्याचं घर कळलं, संपाच्या बातम्या कळल्या. कुणाला मूल झालं की तिथे जमायचं, कुणी गेलं तरी तिथेच. एकदा पबमधल्या सोडतीत बक्षीस म्हणून काकांना मटणाचा भलाथोरला ट्रे लागला. शाकाहारी माणूस, लांब धरून घरापर्यंत घेऊन आले. काकूंनी दारातच अडवलं, "आल्या पावली परत!" ट्रे नॉर्मच्या बायकोकडे गेला.

"सुहासिनी सगळ्यांना सांगायची," काका म्हणाले, "जग चोरून दारू पितं, आमचे हे सरबत प्यायला गुत्त्यात जातात." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "ती गेली, त्या शुक्रवारी नॉर्मने तिच्या नावाचा एक स्क्वॉश टेबलावर ठेवला होता."

मी पोह्यांची बशी पुढे केली.

"त्या टेबलावरचे आता आम्ही दोघंच उरलो. आज दुपारी नॉर्मची मुलगी त्याला नर्सिंग होममधून आणणारे. आणि आमचा अपूर्व मला नेत नाही. म्हणतो, बाबा, पडलात तर? आमच्याकडे कॅसल हिलला या, मस्त कॅफेत जाऊ. आता कॅफेत नॉर्म असणारे का?"

"मी सोडते ना गाडीने."

"नुसतं सोडू नकोस, थांब तिथे." काकांनी चमचा खाली ठेवला. "आजची शाऊट माझी आहे. पण भरलेले ग्लास माझ्याने नेववत नाहीत आता, हात कापतात. पैसे मीच देणार, तू मध्ये पडू नकोस. तू फक्त काउंटरपासून टेबलापर्यंत ग्लास घेऊन चल."