मांडीवर मावेल तेवढा स्टुडिओ

"उतरव! उतरव म्हणते नं ते खाली! एसटी हाये ते, आंदणाचा ट्रक नाही!"

यवतमाळच्या स्टँडवर भर दुपारी हा आवाज उठला आणि फलाटावरच्या दोन गाड्या ड्रायव्हर नसताना सुरू झाल्या. रसवंतीवाल्याचा ऊस चरकात न घालताच रस सोडू लागला. मी दिग्रसच्या गाडीच्या दारात अर्धा आत, अर्धा बाहेर. माझ्या डोक्यावर एका बँडपार्टीचा जुना कीबोर्ड. तो इतका लांब, की त्याचे खालचे सूर गाडीत चढले होते आणि वरचे सूर अजून पेपरच्या स्टॉलपाशी उभे होते. कंडक्टर म्हणत होता, "याचं तिकीट काढा लागते. हे दोन सीटा अडवते." आणि स्टँडच्या दुसऱ्या टोकाहून, हातात दुरुस्त केलेला अँप्लिफायर घेऊन, भोंगामामी येत होती.

दिग्रसमध्ये लग्न, जयंती, गणपती, काहीही असो, स्पीकरचे बॉक्स मामीकडूनच भाड्यानं जायचे. नवऱ्यानं धंदा सुरू केला, पण चालवला हिनं. तिचा आवाज असा, की वीज गेली तर माइकशिवाय वरात पुढं न्यायची. भोंगा हे नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही. ज्यानं ठेवलं त्याला त्यानंतर एका कानानं कमी ऐकू येतं, असं म्हणतात. मी दोन लग्नसराया तिच्याकडं बॉक्स उचलायला होतो. त्या मजुरीतून सामान घेऊन घरी बसून संगीत तयार करायचं, कॉम्प्युटरवर ठेके बांधायचे, आवाज रेकॉर्ड करायचे, हे माझ्या डोक्यात होतं. बँडवाल्यानं "आधी वाजवून पाह्य, मग पैसे दे" म्हणून कीबोर्ड दिला होता.

"मामी, शिकायचं तर मोठ्यावर शिकावं," मी डोक्यावरच्या ओझ्याखालून म्हणालो.

"मोठ्यावर? मंग रेल्वेच्या रुळावर कायले नाही शिकत? चाल, वापस कर!"

तो कीबोर्ड वापस गेला. बँडवाल्यानं वाद घालायला तोंड उघडलं, मामीनं नुसता श्वास आत घेतला, आणि त्यानं तोंड मिटलं.

मामी दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यावरची. तिचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. त्या फिरत्या व्यापाराला तिच्याकडं लदेणी म्हणत. मामीनं आयुष्यात बैल हाकला नव्हता, पण लदेणी अजून तिच्या अंगात होती. कोणतीही वस्तू दिसली की ती आधी उचलून पाहायची. टीव्ही, भोपळा, बारशाचं बाळ, सगळं. "जे बैलाच्या पाठीवर नाही बसे ते आमच्या बुढ्यानं कधी घेतलं नाही," ती सांगायची. "तुह्याजवळ बैल नाही. तुह्याजवळ मांडी हाये. एसटीत बसल्यावर मांडीवर जे मावन तेवढंच तुहं."

मला घाई का होती तेही सांगतो. माझे बाबा जिनिंगमध्ये फिटर. कापूस आणि सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या गोंगाटात त्यांचं बोलणं दिवसाला दहा-बारा शब्दांवर आलं होतं. त्यातले तीन त्यांनी माझ्यावर खर्च केले होते: "होळीपर्यंत. त्यानंतर पुणे." पुण्यात ओळखीच्या माणसाच्या गोदामात माझी जागा बोलून ठेवली होती. होळीच्या आत कोणी मला संगीताचं एक तरी काम दिलं आणि ते बाबांच्या कानावर पडलं, तर मी राहणार. नाहीतर पुण्यात खोके उचलणार. बॉक्स आणि खोके यांत मला तरी जमीन-अस्मानाचा फरक वाटत होता.

त्याच दुपारी मामीनं मला यवतमाळच्या एका वाद्यांच्या दुकानात नेलं. दुकानदार बिचारा सभ्य. "बिगिनरसाठी पूर्ण सेटअप दाखवू का?" म्हणाला. मामीनं त्याचं स्टूल ओढलं, मला त्यावर बसवलं आणि म्हणाली, "एक एक याच्या मांडीवर ठेव." दुकानदारानं पहिली वस्तू ठेवली. मामीनं स्टूल दोन्ही हातांनी धरलं आणि हलवायला लागली. "हा पाह्य दारव्ह्याचा रस्ता! आता खड्डा! आता समोरून ट्रक आला! आता ब्रेक!" दोन भारदस्त स्पीकर पहिल्याच खड्ड्यात बाद झाले. चार फुटी कीबोर्ड वळणावर भिंतीला लागला. दुकानात गिटार घ्यायला आलेलं एक जोडपं ते पाहून गिटार न घेताच गेलं. त्यांना बहुतेक पुढच्या वळणाची भीती वाटली.

शेवटी मांडीवर टिकलं ते असं: कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप, ज्याची एक बिजागरी चिकटपट्टीवर होती, पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड, जो लॅपटॉपच्याच विजेवर चालायचा, साबणाच्या वडीएवढं साऊंड कार्ड, ज्यात माइकची एक वायर घुसते, एक हातात धरायचा माइक, आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. गाणं बांधायचं सॉफ्टवेअर साऊंड कार्डासोबत फुकट आलं. हे सगळं एका शाळेच्या दप्तरात बसलं आणि वर डब्याला जागा उरली.

मामीचा दुकानदाराला दर वस्तूमागं एकच प्रश्न होता: "याची वायर तुटली तं इथं भेटते का?"

"ही मुंबईहून मागवावी लागेल, ताई."

"मंग हे मुंबईवाल्यालेच इक."

बिनवायरीचा हेडफोन त्यानं मोठ्या प्रेमानं पुढं केला. मामीनं हात लावला नाही. "त्याच्यात आवाज उशिरा येते. एका लग्नात म्या तसा स्पीकर लावलता. बॅण्ड थांबला, तरी नवरदेव नाचूनच राह्यला!" नवरदेवाचं मला ठाऊक नाही, पण आवाज उशिरा येतो हे खरं. कीबोर्डची पट्टी दाबली आणि सूर जेवून-बिवून आला, तर माणूस वाजवणार कसा?

मामीचं सगळंच बरोबर असायचं असंही नाही. माइकच्या स्टँडला तिनं पैसे देऊ दिले नाहीत. "बांबू हायेत नं आपल्याकडं मंडपाचे!" त्या बांबूवर बांधलेल्या माइकमध्ये माझं पहिलं रेकॉर्डिंग झालं ते बांबूतल्या भुंग्याचं. भुंगा सुरात होता, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन.

काम मामीनंच आणून दिलं. तिच्या माहेरच्या तांड्यावर होळीला बायका लेंगी म्हणतात; डफावरची, फेर धरून नाचायची ती गाणी. बायकांना त्यांची एक लेंगी नव्या ठेक्यात हवी होती, ट्रॅक्टरवर लावायला. मी दप्तर पाठीवर घेऊन गेलो. झाडाखाली बसलो, मांडीवर लॅपटॉप, आणि म्हाताऱ्या-तरुण बायका माइकभोवती. स्टुडिओ बघायला आल्या होत्या, त्यांना दप्तर दिसलं. एकीनं डोकावून विचारलं, "बाकीचं मांगून येऊन राह्यलं का?" पण गायल्या अशा, की झाडावरची पानं फेर धरून खाली आली.

आणि मग मी घोळ केला. मामीच्या गोदामात तिचे लग्नाचे बॉक्स होते, पुरुषभर उंचीचे. ते लावून मी गाणं बांधलं. खालचा धमाका असा बसवला की शेजारच्या घरातलं दही हललं. मी खूश. दप्तर घेऊन तांड्यावर गेलो, फोनवर गाणं लावलं. फोनच्या इवल्याशा स्पीकरातून डब्यात खडे वाजावेत तसं काहीतरी आलं. ज्यांनी गायलं होतं त्या सगळ्यांत वयस्क दादीनं फोन कानाशी धरला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "हमार आवाज कत छ?"

"आमचा आवाज कुठं हाये, इचारते ते," मामी म्हणाली. मग दादीच्या हातातला फोन माझ्या हातात देत ओरडली, "काऊन रे डायरेक्टर! आमच्या बाया कुठं नेऊन पुरल्या?"

होळी अगदी तोंडावर होती. मी म्हणालो, गोदामात जाऊन परत करतो.

"गोदामात कायले? गोदामात कोण ऐकते? लोकं ऑटोत ऐकतात!"

तिनं दिग्रस आणि तांड्याच्या मध्ये धावणारी एक ऑटो थांबवली, मला मागं कोंबलं, लॅपटॉप माझ्या मांडीवर, ऑटोच्या स्पीकरची वायर लॅपटॉपमध्ये. आणि निघालो. तांडा ते दिग्रस, दिग्रस ते तांडा. मी हेडफोन लावायचो, धमाका खाली घ्यायचो, बायकांचा आवाज पुढं आणायचो. मग हेडफोन काढून ऑटोच्या फुटक्या स्पीकरवर ऐकायचो. खड्ड्यात बोट घसरलं की भलतंच काहीतरी व्हायचं; त्यातल्या एका खड्ड्यात ते इतकं छान घसरलं की तो ठेका मी ठेवून दिला. मधे चढणाऱ्या प्रत्येक उतारूला मामी गाठायची. "ऐकू येते का बायांचा आवाज?"

डोक्यावर टोपी, हातात कोंबडी अशा एका म्हाताऱ्यानं शांतपणे सांगितलं, "येते नं बाई. पण तुमचाच येते."

ऑटोवाला हसून हसून रस्त्याच्या कडेला गेला. मामीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. दिग्रस येईपर्यंत ती बोलली नाही. मी तिच्यासोबत दोन लग्नसराया काढल्या होत्या; ती गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि माझ्या गाण्यासाठी पाहिली. दिग्रसच्या नाक्यावर तोच म्हातारा उतरताना लेंगी गुणगुणत होता. कोंबडीसुद्धा मान हलवत होती, पण तिचं मी धरत नाही, त्या हलवतातच.

आज मामी पांढरकवड्याला लेकीकडं राहते. गुडघ्यांनी बॉक्स उचलू दिले नाहीत, तेव्हा तिनं सगळं विकलं. मी लग्नाची, जयंतीची, वाढदिवसांची गाणी करतो; पोट भरतं. लॅपटॉप बदलला, दप्तराची साइज नाही. कोणी नवखी मुलगी, मुलगा विचारायला आला, "दादा, सुरुवातीला काय काय घेऊ?" की मी खुर्ची ओढतो, त्याला बसवतो आणि खुर्ची हलवायला लागतो. त्यांना वाटतं मला झटका आला. मी वर्षातून दोनदा पांढरकवड्याला जातो, नवं गाणं मामीच्या फोनवर लावतो, आणि ती सांगेल तो आवाज वरखाली करतो. माझ्याजवळ जे आहे ते तिनं उचलून पाहिलेलं आहे. याची परतफेड कशी करतात मला ठाऊक नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पण त्या होळीचं राहिलं. तांड्यावर होळी पहाटे पेटते. ऊन वर आलं तसा ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत मामीचे दोन बॉक्स, मागं जनरेटर. मी गाणं लावलं. पहिल्या ओळीला बायका हसल्या, दुसरीला फेर धरला. दादी नाचता नाचता थांबली, बॉक्सपाशी गेली आणि त्याच्या जाळीवर तळहात ठेवून उभी राहिली. तिचाच आवाज होता. चार गावांच्या पलीकडं ऐकू गेला असेल. हे मी वाढवून सांगत नाही, निदान तीन तरी.

तेवढ्यात मला बाबा दिसले. मोटारसायकल स्टँडला लावून, कडुनिंबाखाली, हात मागं बांधून. किती वेळ उभे होते कळलं नाही. गाणं संपलं, बायकांनी पुन्हा लावायला लावलं, ते पुन्हा ऐकलं. मग मामीपाशी गेले, काहीतरी म्हणाले आणि माझ्याकडं न बघता गाडीला किक मारून निघून गेले.

गर्दीतून कसाबसा वाट काढत मामीपर्यंत गेलो. "मामी, काय म्हणाले? बाबा काय म्हणाले?"

मला वाटलं, आता भोंगा फुटणार आणि साऱ्या तालुक्याला कळणार. मामी कोपरावर वायर गुंडाळत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"पुण्याले नाही म्हणून कळवतो म्हणे. जाय, जनरेटर बंद कर."