डाव्या हाताचा पट्टा

रूबेन तळकर आलापल्लीच्या डेपोत सागाचे लठ्ठे मोजत. चाळिशी उलटलेली, संसार नाही. त्या सगळ्या जंगलात यहुदी म्हणून ते एकटेच. मूळचे कोकणातले बेने इस्राएल. मी बी.ए. होऊन तिथल्या शाळेत मराठी शिकवायला आलो आणि आमची मैत्री झाली. त्यांची मराठी माझ्यापेक्षा चांगली होती.

त्यांचे आजोबा तेलाचा घाणा चालवत. शनिवारी, यहुद्यांच्या विश्रांतीच्या वारी, घाणा बंद. "एवढाच धर्म त्यांना येत होता," रूबेन सांगत. "तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचणारा घरात मी पहिला. तोही सकाळी तासभर." पुढे दिवसभर लठ्ठे. कधीतरी सगळा दिवस शिकायला मिळावा, ही त्यांची वीस वर्षांची इच्छा होती.

१९५४च्या थंडीत जेरुसलेमहून मामांचं पत्र आलं. तिथल्या एका धर्मपाठशाळेत त्यांनी रूबेनसाठी जागा ठेवली होती. राहणं, जेवण आणि फक्त अभ्यास. 'लाकडं मोजायला दुसरा माणूस मिळेल. आपल्या घरातून ग्रंथ उघडायला तूच आहेस.' महिनाअखेर उत्तर हवं होतं.

"जाणार?" मी विचारलं.

"जायलाच हवं."

पण पंधरा दिवस त्यांनी उत्तर लिहिलं नाही.

एका सोमवारी सकाळी मी त्यांच्या पडवीत बसलो होतो. रूबेन प्रार्थनेला उभे राहिले. तेफिलीन म्हणजे धर्मवचनं ठेवलेल्या दोन छोट्या डब्या. त्यांतली एक डाव्या दंडावर ठेवली, तिचा काळा चामडी पट्टा हाताला गुंडाळला. तेवढ्यात बैलबंडीतून लठ्ठे आणणारा चैतू बंडीवाला आला. त्याने हात पाहिला आणि ओरडला, "बाबूजी! कोठी चावला जी?"

रूबेन गप्प. हातावरची डबी बांधल्यावर कपाळावरची बांधेपर्यंत बोलायचं नसतं.

"वाचा गेली! मुखरू, धाव! बाबूजीले साप चावला!"

मुखरू आणि झिंगू बंड्या सोडून धावत आले. मुखरूने वर आणखी एक दोरी बांधायला घेतली. रूबेननी एका हाताने त्याला थोपवलं, दुसऱ्या हाताने कपाळावरची डबी बसवली आणि म्हणाले, "नाई रे बाबा. हे देवाचं हाये."

चैतू खाली बसला. "जीव घेतला ना जी आमचा! रोज बांधता?"

"शनिवार सोडून रोज."

"मंग डाव्याच हाताले काऊन?"

"तसा नियम आहे."

"मी डाखऱ्या हावो," झिंगू डावा हात पुढे करत म्हणाला. "मले कोणत्या हाताले बांधसान?"

"तुला उजव्या."

"म्हंजे काम करते तो हात सुटा," चैतू म्हणाला. "देव हुशार हाये बा तुमचा. चला लवकर, तीन बंड्या उभ्या हायेत."

रूबेन त्याच्याकडे पाहत राहिले. मग प्रार्थना पूर्ण केली. नेहमीपेक्षा सावकाश.

दुपारी त्यांनी लिहिलेलं पत्र मला दाखवलं. येत नाही, असं होतं.

"वीस वर्षं वाट पाहिलीत," मी म्हणालो. "आणि बंडीवाल्याच्या एका बोलण्यावर?"

"आमचे जुने पंडितही यावर भांडलेत. काही म्हणाले, रात्रंदिवस शिका. काही म्हणाले, पेरणीच्या दिवसांत पेरा, उरलेल्या वेळात शिका. दोन्हीकडे मोठी माणसं. मी आपला बंडीवाल्यांकडचा."

"दुःख नाही होत?"

"होतं थोडं. पण लिहिल्यावर भूक लागली."

ते खरंच पोटभर जेवले.

दोन महिन्यांनी मामांचं उत्तर आलं. आठ पानं, सगळी रागाची. रूबेन चुकले हे पटवायला मामांनी पानोपानी जुन्या ग्रंथांतले आधार दिले होते. रूबेन पडवीत बसून ते वाचू लागले. मध्येच हसले.

"बघा," मला म्हणाले, "सहा महिन्यांचा अभ्यास घरपोच आला. यातला तिसरा आधार मात्र मामांनी चुकीचा लावलाय."

आणि त्यांनी पेन्सिल मागितली.