मारामारीच्या मागचं म्युझिक

"कोणतं गाणं पायजे?" हिंगोलीच्या कॅसेटवाल्यानं विचारलं.

"गाणं न्हाई. मारामारीच्या मागचं म्युझिक पायजे."

"मागचं म्हंजे?"

"म्हंजे हीरो पळत असतो, मागं गाड्या लागलेल्या असतात, तवा जे वाजतं ते."

"अरे बाबा, ते सिनेमातच असतंय. त्याची कॅसेट कोण काढील? गाणं सांग, गाणं." असं म्हणून त्यानं शेजारच्या गिऱ्हाइकाला डोळा मारला. मला असा संताप आला की विचारू नका. पण संताप येऊन करतो काय? मला त्या वाजण्याचं नावही माहीत नव्हतं. नाव नसलेली वस्तू दुकानात मागायला जाणारा मी, येडाच की.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात बाजाराच्या दिवशी एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ लागायचा. खिडक्यांना पोती टांगलेली, आत अंधार, समोर एक टीव्ही आणि त्यावर हिंदीत बोलणारे इंग्रजी सिनेमे. मारामारी सुरू झाली की अख्खी शेड ओरडायची. मी मात्र खाली मान घालून बसायचो. मला तो ठोसा कुणी कुणाला मारला याच्याशी काही घेणं नव्हतं. त्या ठोशाच्या मागं कुठंतरी पन्नास-साठ व्हायोलिनी एकदम ओढल्यासारख्या यायच्या. त्यांच्यावर एक गिटार, तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी चरचरत. आणि सगळ्याच्या बुडाशी मशीनचे ठोके, एकसारखे, पिठाच्या गिरणीवाणी. तबला नाही, ढोलक नाही, शब्द तर नाहीच नाही. ते ऐकून मला आनंद व्हायचा का भीती वाटायची, खरं सांगतो, मला कधी कळलंच नाही. पळत सुटावंसं वाटायचं आणि बसल्या जागी रडूही यायचं. दोस्त म्हणायचे, "काहून बे, पोट दुखून राहिलं का?"

घरी सगळे भजनातले. वडिलांना एकदा तोंडानं वाजवून दाखवलं. ते म्हणाले, "हे काय गाणं हाय? हे तर इंजिन बिघडलंय." पुढं मी तो विषय काढला नाही.

दोन हजारच्या आसपास मी लग्नाची शूटिंग घ्यायला लागलो. जीपा उभ्या राहतात त्याच्या मागं एक खोली घेतली, दोन व्हीसीआर, एक मिक्सर, एक टीव्ही मांडला आणि बाहेर पाटी लावली. शूटिंग करणं सोपं होतं. खरं काम मिक्सिंगचं. त्याचा आमच्या धंद्यात एकच कायदा होता, आणि तो मी माझ्या उस्तादाकडून शिकलो होतो: कच्च्या कॅसेटमधला आवाज पहिल्यांदा मारून टाकायचा. कारण त्यात असायचं काय? जनरेटरची घरघर, बँडवाल्यांचा गोंधळ आणि "अय, सरक की, कॅमेऱ्यासमोरून सरक" असं कुणातरी मामाचं ओरडणं. ते कुणाला ऐकायचंय? आवाज मारला की वर गाणी चढवायची. हळदीला हळदीचं गाणं, वरातीला वरातीचं आणि पोरगी सासरला निघाली की ते एक ठरलेलं रडकं गाणं. मिक्सिंग झालं की कच्ची कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. सगळे असंच करायचे. मीही केलं, बराबर तसंच केलं.

पण ते रडकं गाणं! शंभर पोरींना मी एकाच गाण्यावर सासरी पाठवलं असेल. कानाला वीट आला होता. अशातच नांदेडला सामान आणायला गेलो असताना फुटपाथवर एक सीडी सापडली. वर पोस्टर नाही, सिनेमाचं नाव नाही, नुसते आकडे. घरी येऊन लावली आणि मी उभाच राहिलो. तेच! त्या शेडमधलं! व्हायोलिनी, चरचरणारी गिटार, मशीनचे ठोके. मध्ये बोलणं नाही, गोळ्या नाहीत, शेडमधली बोंबाबोंब नाही. नुसतं मागचं म्युझिक, आणि आता ते मागं नव्हतं, पुढं होतं. आठ दिवस मी ती सीडी ऐकत होतो. बायको म्हणाली, "कोण पळून राहिलं घरात?" तिचं खरं होतं. पण कोण पळतंय आणि कुणाच्या मागं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

त्याच हंगामात आमच्याच भागातल्या पुसेगावच्या बाजूच्या एका बंजारा तांड्यावरचं लग्न मिळालं. पोरीचा भाऊ माझ्या ओळखीचा. तो सुपारी द्यायला आला तेव्हाच म्हणाला, "शूटिंग चांगली घ्या. बापू लग्नाला न्हाई." झालं होतं असं की लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी पोरीचा बाप ट्रॉलीखाली आला, पाय मोडला, आणि नांदेडच्या दवाखान्यात त्याच्या पायात रॉड घातला. पाव्हणेरावळे बोलावून झालेले. त्यानंच पलंगावरून निरोप धाडला की माझ्यासाठी लग्न थांबवू नका, मी कॅसेटमध्ये बघीन.

तांड्यावर पोरगी निघते तेव्हा ढावलो म्हणते. मी ऐकून होतो, पण बघितलं पहिल्यांदाच. ती एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडता रडताच गाते. चाल म्हाताऱ्या बायकांकडून शिकलेली असते, पण शब्द तिचे, ज्याच्या गळ्यात पडली त्याच्यासाठी तिथल्या तिथं जुळवलेले. आईला वेगळे, भावाला वेगळे. आमच्याकडं पोरी नुसत्या रडतात. इथं रडण्यात बोलणं होतं. पण ते त्यांच्या गोरमाटी बोलीत, आणि मला गोरमाटीतलं ओ की ठो कळत नाही. मला ते रडणंच वाटलं, जरा सुरात केलेलं.

आई झाली, काकू झाली, भाऊ झाले. मग चुलत्यानं बापाचं लाल पागोटं आणून तिच्या हातात दिलं. तिनं ते छातीशी धरलं आणि सगळ्यात जास्त वेळ ती त्या पागोट्याशी गायली. भोवतीच्या बायका हुंदके द्यायला लागल्या, माझा लाइटवाला डोळे पुसायला लागला. मी हातभर अंतरावर होतो. तिचा चेहरा फ्रेममध्ये भरून घेतला होता. आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? माझ्या डोक्यात त्या सीडीवरचा सात नंबरचा तुकडा वाजत होता. सुरुवातीला हळू व्हायोलिनी, मग गिटारची एकच तार, मग ठोके, मग जीप सुटते तेव्हा सगळं एकदम. मनात म्हणलं, इथं बसतंय. बराबर बसतंय!

आणि बसलंही. खोटं कशाला बोलू, ते मिक्सिंग मी आजवर केलेलं सगळ्यात भारी मिक्सिंग होतं. पोरीचा चेहरा, गिटारची ती तार, धुराळ्यात निघालेली जीप आणि त्यावर ठोके. मी स्वतः बघून दोनदा रडलो, आणि का रडलो ते पुन्हा कळलं नाही. भावानं कॅसेट नेली. चार दिवसांनी तांड्यावरचे तीन जण मला शोधत आले. "काय म्युझिक टाकलंय राव! आमच्याबी लग्नात हेच टाका." एकानं तर लग्न ठरायच्या आत मला बुक केलं. मी हवेत.

दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी जीप थांबली आणि भाऊ एका माणसाला धरून उतरवायला लागला. काखेत कुबडी, डोक्याला लाल पागोटं. मी ओळखलं. स्टूल पुढं सरकवलं, पाणी दिलं. माणूस शांत, आवाज बारीक.

"शूटिंग चांगली घेतली तुमी," ते म्हणाले. "समदे दिसले. पण पोरीचा आवाज न्हाई आला."

"आवाज नसतो काका. म्युझिक असतं."

"व्हय, ते ऐकलं. पण तिनं मला ढावलो म्हणला. बायका म्हणतात, लई म्हणली, समद्यात जास्त तुलाच म्हणली. काय म्हणली ते कुणाला सांगता येईना. त्या टायमाला समद्याच रडून राहिल्या होत्या. पोरीला फोनवर विचारलं तर ती म्हणते, बापू, मला काय आठवतं. म्हणून म्हणलं, तुमच्याकडं आसंल."

मी कच्ची कॅसेट शोधायला लागलो, जशी काही ती कुठं ठेवली हे मला माहीत नव्हतं. ती समोरच होती. लावली. टीव्हीवर पुढच्या लग्नातला, कुरुंदा गावचा नवरदेव हळदीनं पिवळा होऊन खदाखदा हसत होता. पुढं पळवली, मागं पळवली. सगळीकडं तोच नवरदेव. भावानं कपाळाला हात लावला. बापाला काही कळलं नाही. ते म्हणाले, "हे कोण?"

मी सांगितलं. तोंड वर न करता सांगितलं.

मग त्यांनी पिशवीतून आपली कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "ही लावा." मी लावली. पागोटं छातीशी धरलेली पोरगी आली. तोंड उघडतंय, मिटतंय, आणि वर माझी गिटार. बाप स्टूलवरून पुढं वाकला. "आवाज वाढवा." मी वाढवला. गिटार आणखी मोठ्यानं चरचरली. खोली भरून गेली.

"याच्या खाली हाय ना तिचा आवाज?" त्यांनी विचारलं.

"खाली?"

"म्हंजे हे तुमी वरून टाकलं ना? मग हे वरचं काढा. खालचं ऱ्हाईल."

देवाशपथ सांगतो, एक क्षण मलाही वाटलं, असेल. मी मिक्सरची सगळी बटणं फिरवली. व्हायोलिनी बारीक झाल्या, ठोके जाड झाले, गिटार डब्यातून आल्यासारखी वाजली. खाली काही नव्हतं. खाली मीच काही ठेवलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला ते म्युझिक बंद व्हावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी माझे कान, निर्लज्ज कान, ते किती छान बसलंय हेच ऐकत होते.

"निघत न्हाई काका," मी म्हणालो.

"हे वाजतंय ते कशाचं हाय?"

"पाठलागाचं."

"कोण कुणाच्या मागं लागलंय?"

"मला माहीत न्हाई."

त्यांनी मान हलवली. रागावतील, शिव्या देतील, कुबडी उगारतील म्हणून मी वाट बघत होतो. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, "तुमी तर तिथंच होता. यात दिसतंय, तुमी लई जवळ होता. तुमी ऐकलं आसंल. कळलं नसंल, पण कानावर तर आलं आसंल. एखादा शब्द?"

मी आठवायला लागलो. जीव खाऊन आठवलं. पोरीचं नाक, कपाळावरचा घाम, पागोट्याची सुटलेली सुताची दशी, सगळं डोळ्यांसमोर आलं. आवाज म्हणून जे आलं ते सात नंबरचंच. त्या दिवशीही माझ्या कानात तेच वाजत होतं. सगळ्यात जवळ मी होतो आणि मी ऐकलंच नव्हतं.

"न्हाई काका," मी म्हणालो. "माझं ध्यान नव्हतं."

भाऊ दाराकडं तोंड करून उभा राहिला. बाहेर जीपवाला "हिंगोली, हिंगोली" म्हणून ओरडत होता. बाप म्हणाले, "बरं. मग असं करा. ते वाजतंय ते बंद करा आणि नुसतं दाखवा."

मी आवाज बंद केला. टीव्हीजवळ स्टूल ओढून ते पोरीच्या तोंडाकडं बघायला लागले. कॅसेट पुढं सरकली तशी मागं घ्यायला सांगितली. पुन्हा बघितली. पुन्हा मागं. चौथ्या का पाचव्या वेळी त्यांचे स्वतःचे ओठ हलायला लागले, तिच्यासारखे, जरा उशिरानं. मध्येच थांबायचे, मान हलवायचे, जमलं नाही म्हणून. मी रिमोट धरून बसलो होतो.

"थांबा!" ते एकदम म्हणाले. "जरा मागं. हां. बघा, ओठ मिटले, उघडले, आन पुन्हा मिटले. बापू म्हणली. बघा, बापू." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "दिसलं का?"

मी टीव्हीला नाक लावून बघत होतो. ओठ हलत होते एवढं खरं. ते बापू होतं, का नुसता हुंदका होता, का दुसराच कुठला शब्द, मला काहीसुद्धा कळत नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो. "दिसलं."

"पुन्हा लावा," ते म्हणाले.