सिलेंडरवरच्या तीन थापा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बायको अमावास्या बघून गाडीची डिलिव्हरी पुढे ढकलते आणि मी तिची टिंगल करतो, असं आमचं घर. या ग्रुपवरचे लोकांचे अनुभवसुद्धा मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आलो. आज स्वतःच लिहायला बसलोय, कारण गेल्या उन्हाळ्यातली एक दुपार काही केल्या डोक्यातून जात नाही.

मी यूएईतल्या फुजैराला राहतो, बंदराजवळच्या एका ऑइल टर्मिनलमध्ये अकाउंट्स बघतो. अकाउंट्सवाल्याचा आगीशी काय संबंध? संबंध लोपीस अंकलमुळे. अंकल वसईचे, आमचे स्टोअरकीपर. मी यायच्या बऱ्याच आधी इथे एक शेड जळाली होती आणि शहरातून बंब येईपर्यंत सगळे नुसते बघत उभे राहिले होते. ते अंकलना इतकं लागलं की मॅनेजरच्या मागे लागून त्यांनी एक जुना पंप मिळवला आणि ऑफिसातली, वर्कशॉपमधली माणसं धरून धरून स्वयंसेवकांची फायर टीम उभी केली. पगार नाही, ओव्हरटाइम नाही. शनिवारी सकाळी प्रॅक्टिस आणि नंतर अंकलच्या बायकोच्या, आंटीच्या हातचे फुगे, म्हणजे वसईकडचे तळलेले गोल पाव, आणि मटण. खरं सांगायचं तर मी त्या मटणासाठीच गेलो होतो... आणि अडकलो. शेजारच्या गोदामांत काही पेटलं तरी पहिला फोन आम्हाला यायचा.

धुरात जाताना तोंडावर मास्क, पाठीवर हवेचा सिलेंडर. बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून जायचं जोडीने आणि मागच्याने पुढच्याच्या सिलेंडरवर थाप मारायची. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे पुढे चल, तीन म्हणजे बाहेर. "तीन आल्या की मागे वळून का, कशाला, विचारत बसायचं नाही रे बाबा," अंकल म्हणायचे. "सरळ बाहेर. भांडण बाहेर येऊन कर." आम्ही तिन्ही थापा एका दमात मारायचो. अंकल मात्र दोन लागोपाठ मारायचे आणि तिसरी जरा थांबून.

त्या दुपारी पेंट स्टोअरला आग लागली. सगळे पार्किंगमध्ये जमले, अंकलनी माणसं मोजली. सोहेल नावाचा पेंटर सापडेना. अंकल म्हणाले, "नीलेश, बिजू, सिलेंडर चढवा." बिजू मेंटेनन्समधला, माझा नेहमीचा जोडीदार. आम्ही पट्टे आवळेपर्यंत अंकल तिथून गेले होते. बंबाला रस्ता दाखवायला गेटवर गेले असतील, असं सगळ्यांनीच धरलं. मोजणारा माणूस स्वतःला मोजत नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी पाण्याचा होज धरून आत शिरलो. धूर इतका की स्वतःचा हात दिसत नव्हता. पाठीवर दोन थापा पडल्या, मी पुढे निघालो. बराच आत गेल्यावर डावीकडे काहीतरी हललं असं वाटलं आणि मी तिकडे वळणार, तोच सिलेंडरवर थापा. दोन लागोपाठ... आणि जरा थांबून तिसरी. मी घुटमळलो. पुन्हा तशाच, पण जोरात. पाठीच्या कण्यात जाणवल्या. नियम तो नियम — मागे कोण आहे ते न चाचपता मी होजवर हात ठेवून वळलो आणि बाहेर आलो. दारातून चार पावलं टाकली असतील नसतील, आतले पेंटचे ड्रम फुटले आणि छप्पर खाली आलं.

बाहेर बिजू जमिनीवर बसून खोकत होता.

"थाप क्यों मारा? कुछ दिखा क्या?" मी विचारलं.

"मैंने कब मारा भाई? मेरा मास्क लीक हुआ, दरवाज़े से ही वापस आया," तो म्हणाला. "दो मारा था, आगे जाने का. बस."

तेवढ्यात सोहेल मशिदीकडून धावत आला. नमाजला गेला होता. मला हसू फुटलं, खोटं कशाला बोलू. मग कुणीतरी विचारलं, "लोपीस अंकल किधर है?"

अंकल आत होते. सोहेलला हाक मारायला म्हणून मास्कशिवाय गेले असणार. बंबवाल्यांना ते बऱ्याच आतल्या एका रॅकमागे सापडले. ज्या वाटेने मी आत गेलो आणि बाहेर आलो, तिच्या अगदी कडेला.

डॉक्टर म्हणाले, असल्या धुरात माणूस दोन-चार श्वासांत संपतो. तुम्ही आत जायच्या आधीच ते गेले होते. बिजू म्हणतो, सिलेंडर रॅकवर आपटला असेल. एकदा आपटेल. दोनदा, तशाच ठेक्यात? बायको म्हणते, "सोड ना आता." मुलगी म्हणते, "बाबा, इट वॉज जस्ट शॉक." असेलही.

अंकलना वसईला नेण्याआधी मी आंटींना हे सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "जाता जाता तुला बाहेर काढलं रे त्यांनी." त्यांचा चेहरा जरा निवला. मी मान हलवली.

पण मला झोप लागत नाही, कारण दुसरंही एक असू शकतं आणि ते मी आंटींना बोललो नाही. डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल तर? अंकल तेव्हा जिवंत असतील, माझ्या पाठीशी उभे असतील, आणि 'मला बाहेर ने' हे सांगायला त्यांच्याजवळ तेवढ्या तीन थापाच उरल्या असतील तर? मी तर हात पुढे करून चाचपलंही नाही. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे त्यांच्या शेजारून चालत बाहेर आलो.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. लोक सांगतात की असल्या अनुभवांना काहीतरी साधं कारण असतं. माझ्या बाबतीत ते नसावं, एवढंच मी रोज देवाकडे मागतो. ते भूत असू दे.