सातशे ग्रॅम

नरेशचा फोन आला तेव्हा आबिड्सच्या आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी चालू होती आणि माझ्या तोंडात घास होता. नरेश म्हणजे माझ्या भाच्याचा, विनूचा, कुस्तीच्या मॅटवरचा जोडीदार. "मावशी, विनू गाडी में है… उठ नै रा," एवढंच तो बोलला आणि मग नुसता आरडाओरडा ऐकू येत राहिला. मी रिक्षाने कुकटपल्लीच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की अंगातलं पाणी आणि क्षार इतके निघून गेले होते की हृदयच बंद पडलं. सव्वीस वर्षांचा पोरगा. नर्सने एक पिशवी माझ्या हातात दिली. तिच्यात त्याच्या अंगावरून कापून काढलेला काळा प्लास्टिकचा सूट होता, घाम गाळायला घालतात तो, आणि पिशवीच्या तळाशी घाम साचलेला होता. मी तिथल्या बेसिनवर जाऊन उलटी केली. दुःख मागाहून आलं. आधी आली ती किळस, आणि आज दीड महिना होत आला तरी ती गेलेली नाही. हा मजकूर वाचून कुणी म्हणेल की बाईंनी गेलेल्या माणसाबद्दल जरा गोड लिहायला हवं होतं. गोड लिहिणारे पुष्कळ झाले.

मलकपेठेत आम्ही एकाच घरात राहतो, खाली माझी थोरली बहीण आक्का आणि भावजी, वर मी. त्यामुळे विनू वाढला तो दोन स्वयंपाकघरांत. खाली जेवून वर यायचा आणि "मावशी, तुझ्याकडे काय आहे?" म्हणून झाकणं उघडून बघायचा. अंबाड्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी असली तर मांडी घालून बसायचाच. गुबगुबीत, हसरा, जरा आळशी असा मुलगा होता तो. इंजिनिअर झाला, कुकटपल्लीला कंपनीत लागला आणि तिथेच ऑफिसच्या मागच्या गल्लीत त्याला ते ग्रॅपलिंगचं केंद्र सापडलं. म्हणजे कुस्तीच, पण मातीऐवजी गादीवर, आणि चीतपट करण्याऐवजी समोरच्याचा हात नाहीतर गळा धरून त्याला हार मानायला लावायचं. पहिल्या वर्षी मला त्याचं कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू? पाठीचं पोक गेलं, सकाळी उठायला लागला, आणि जेवायचा तर असा की भाकऱ्या थापता थापता माझे हात भरून यावेत. एकदा माझ्या खोलीत सतरंजी पसरून त्याने मला पकड दाखवली होती. "मावशी, आता सोडव बघू." मी त्याला गुदगुल्या केल्या आणि सुटले. तो हसून हसून जमिनीवर लोळला… असा तो होता, आणि असाच तो राहिला असता.

मग स्पर्धा आल्या आणि स्पर्धांबरोबर वजन आलं. तिथल्या कोचला सगळी पोरं अन्ना म्हणतात, मीही तेच म्हणते. अन्नाचा नियम असा की ज्याचं जे वजन असेल त्याच्या खालच्या गटात त्याने उतरायचं, म्हणजे समोरचा आपल्यापेक्षा लहान मिळतो. ऐकायला हुशारीचं वाटतं. पण समोरच्याचा कोचही असाच कुणी अन्ना असतो की! तोही आपल्या पोराला वाळवून खालच्या गटात आणतो. म्हणजे ज्याच्याशी भरल्या पोटी लढायचं, त्याच्याशीच उपाशी आणि तहानलेलं लढायचं, एवढाच फरक. हे मी विनूला एकदा विचारलं. तो म्हणाला, "मावशी, लाइट लो, मनावर नको घेऊ. तुला नै समजत त्यातलं." मला त्यातलं आजही समजत नाही. ज्यांना समजतं त्यांच्यापैकी कुणी समजावून सांगितलेलंही नाही.

स्पर्धेच्या आधीचा आठवडा आमच्या घरात सुतकासारखा जायचा. आधी मीठ बंद, मग भाकरी बंद, मग पाणी बंद. जुलाबाची गोळी. बाथरूममध्ये कढत पाण्याच्या टबात मीठ टाकून हा बसायचा, आणि आत वाफ, बाहेर आक्का दाराला कान लावून उभी. दर थोड्या वेळाने "विनू, ओ दे रे" म्हणायची आणि आतून ओ आला की पदराने तोंड पुसायची. बाहेर यायचा तेव्हा कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी सोलायला आलेली, डोळे खोल आणि तोंडाला असा वास, की सख्ख्या भाच्याजवळ बसताना मला मान वळवावी लागायची. उपाशी माणसाच्या तोंडाला तो वास येतो. ज्याच्या घरात दोन स्वयंपाकघरं आहेत त्याच्या तोंडाला तो का यावा? स्वभावही बदलायचा. एकदा आक्काने वरणाला फोडणी दिली, तर हा खोलीतून ओरडला की मुद्दाम करतेस का. आक्काने ते वरण तसंच झाकून ठेवलं आणि त्या दिवशी घरात कुणीच नीट जेवलं नाही.

एकदाच, फक्त एकदा, तो गटात बसला नाही. वजन उतरलंच नाही आणि आयोजकांनी त्याला त्याच्या खऱ्या गटात टाकलं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तो घरी आला, चेहरा पडलेला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, वर येऊन म्हणाला, "मावशी, आता खाऊ शकतो ना मी." जे होतं ते सगळं खाल्लं, तांब्याने पाणी प्यायला आणि शांत झोपला. दुसऱ्या दिवशी तो दोन कुस्त्या जिंकला. फोनवर त्याचा आवाज लहानपणीसारखा होता. मला वाटलं, चला, डोळे उघडले. पण अन्ना म्हणाला की ते नशीब होतं, असं लढणं म्हणजे शिस्त नसणं, आणि पुढच्या खेपेला याने पुन्हा बाथरूमचं दार लावून घेतलं. जिंकलेल्या कुस्तीपेक्षा त्या माणसाचा शब्द मोठा. मी त्या अन्नाला तेव्हापासून मनातल्या मनात शिव्या देत आले, आणि आता मोठ्याने देते.

त्या शेवटच्या सकाळी विनू वर आला होता, खालच्या घराची चावी द्यायला. ओठ फाटलेले, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. "येतो मावशी. संध्याकाळी वजन झालं की बिर्याणी." मी म्हटलं, "घोटभर पाणी तरी पी, मेल्या." असं आमच्याकडे लाडाने म्हणतात, जीभ सैल असते आमची. तो हसला, मान हलवली आणि जिना उतरताना कठड्याला धरून उतरला. पुढचं मला नरेशने सांगितलं. ऐन उन्हाळ्याची दुपार, केंद्राबाहेर अन्नाची गाडी उभी, काचा बंद, हीटर चालू, आणि आत हे दोघं प्लास्टिकचे सूट घालून. नरेशचं वजन आधी झालं, तो बाहेर पडला. विनूचं थोडं राहिलं होतं. तो केंद्रातल्या काट्यावर उभा राहिला, उतरला आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला. कुणी ढकललं नाही त्याला. दार त्याने स्वतः ओढून घेतलं, असं नरेश सांगत होता आणि रडत होता.

तेराव्याला केंद्रातली सगळी मंडळी आली. येताना त्यांनी विनूचा मोठा करून आणलेला फोटो हॉलमध्ये ठेवला, उघड्या अंगाचा, वजनाच्या दिवशीचा, बरगड्या मोजता याव्यात असा, आणि खाली लिहिलेलं, 'आमचा योद्धा'. आक्काला वाटलं ते कुणा दुसऱ्याचं पोर आहे. मी तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. लोक म्हणत होते की खेळासाठी जीव दिला, असा मृत्यू भाग्याचा असतो. जिलबीचा तुकडा मोडता मोडता म्हणत होते! मी अन्नासमोर जाऊन बसले आणि विचारलं, किती राहिलं होतं? तो हात जोडून म्हणाला, "सात सौ ग्राम, मॅडम. बस." आणि मग, मला धीर द्यायचा म्हणून असेल, स्वतःहून पुढे सांगू लागला, "हमारा कांटा एक किलो भारी रखवाया मैं, सेफ्टी के वास्ते. इधर हो गया तो उधर टेन्शनच नै." काही घरांत घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात, तसं याने वजनाचं केलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे विनूचं वजन झालेलं होतं." मी शपथेवर सांगते की त्या माणसाच्या डोक्यात तोवर ही वजाबाकी आलीच नव्हती. विनू गाडीत परत गेला तेव्हा गटाच्या आत होता. त्याने सरळ नळाखाली तोंड धरायला हवं होतं आणि पोटभर पाणी प्यायला हवं होतं. अन्नाचा चेहरा पांढरा पडला. काटा आजच नीट करतो, असं त्याने आक्काच्या पायाला हात लावून कबूल केलं. आक्काने पाय मागे घेतले.

परवा मी विनूची बॅग आणायला तिथे गेले. बॅग भिंतीला टांगलेली होती, तशीच, कुणी हलवली नव्हती. अन्ना मॅटवर कुणाला तरी पकड शिकवत होता. काटा दाराशीच होता. मला साखरेचा आजार आहे, त्यामुळे डॉक्टर दर वेळी वजन घेतात आणि त्याच सकाळी मी तिथून आले होते. चपला काढल्या आणि चढले. एक किलो जास्त. उतरून पुन्हा चढले. तेवढंच.

तेवढ्यात बाहेरून नरेश आला. काळा सूट, घामाने थबथबलेला आणि डोक्यावर एक केस नाही. मला गहिवरून आलं, म्हटलं, पोराने विनूसाठी केस दिले. हात लावायला गेले तर तो लाजून म्हणाला, "वो नै मावशी. बालों का भी वजन रहता ना." आणि तो माझ्यादेखत काट्यावर चढला. आकडा बघून पुटपुटला, "आधा किलो और."

"अरे, हा काटा किलोने जास्त दाखवतो! तुला सांगितलं नाही कुणी?"

"मालूम है मावशी. अब तो सबकू मालूम है."

"मग?"

"उधर का कांटा इससे भी भारी निकला तो?"

याच पोराने विनूला गाडीतून ओढून काढलं होतं आणि रस्त्यावर त्याची छाती दाबत बसला होता. मी पर्समधली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरली. "पी. माझ्यासमोर पी." मावशीला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. त्याने दोन्ही हातांनी बाटली घेतली, एकदा मॅटकडे, अन्नाकडे पाहिलं आणि मोठा घोट घेतला. माझ्याकडे बघत त्याने ते पाणी बराच वेळ तोंडात धरून ठेवलं, गालांत फिरवलं, आणि दाराबाहेर जाऊन नालीत थुंकून आला.